जर्नलमधलं ९.८१ : भौतिकशास्त्र अभ्यास मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
भौतिकशास्त्र अभ्यास मंडळ

महोदय, महोदया,

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षासाठी प्रात्यक्षिकांचा जो नवा आराखडा आपण महाविद्यालयांना पाठवला आहे, तो आम्ही नीट वाचला. एक श्रेयांक, म्हणजे सत्रात तीस तास, म्हणजे दोन तासांच्या पंधरा बैठका. एवढ्यात बारा प्रयोग. बारांतले चार संगणकावर, आभासी प्रयोगशाळेत केले तरी चालतील. पंचवीस गुणांतले पाच 'उत्तराच्या अचूकतेला': प्रमाणित किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत उत्तर आलं तर पूर्ण, दहाच्या आत आलं तर निम्मे, त्यापुढे शून्य. आणि परीक्षेला बसायचं तर बाराच्या बारा प्रयोगांचं सर्टिफाइड जर्नल, म्हणजे शिक्षकाची सही असलेली प्रयोगवही, हवं.

हे शेवटचं वाक्य थेट आमच्यावर येऊन पडतं. जर्नलच्या पहिल्या पानावर 'प्रमाणित करण्यात येते की' या मजकुराखाली सही करणारे आम्ही, पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं घेणारे शिक्षक. काही पूर्णवेळ, बरेचसे तासिका तत्त्वावरचे. त्या सहीचा अर्थ इतकाच की आतली रीडिंग या विद्यार्थ्याने स्वतः, त्या दिवशी, त्या उपकरणावर घेतली. आराखडा आहे तसा लागू झाला तर ती सही खोटी असेल, आणि ती खोटी असणार हे आम्हाला सत्र सुरू होण्याआधीच ठाऊक असेल. पत्र उघड लिहितोय, कारण 'प्रॅक्टिकलचे मार्क काय, मिळतातच' असं पालकही म्हणतात, विद्यार्थीही म्हणतात, आणि खरं सांगायचं तर स्टाफरूममध्येही तेच म्हटलं जातं.

यादीतल्या पहिल्याच प्रयोगापासून सुरुवात करू. साधा लंबक. त्याने मोजायचा तो जी, म्हणजे गुरुत्व त्वरण: पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते. या प्रयोगासमोर परिशिष्टात छापलंय: 'जी ची प्रमाणित किंमत ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग'.

ही किंमत महाराष्ट्रात कुठेही नाही. गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८०, ध्रुवांवर सुमारे ९.८३२. पुस्तकांतला ९.८०६६५ हा आकडा १९०१ साली आंतरराष्ट्रीय वजन-मापे परिषदेने सोयीसाठी ठरवून दिला, तो साधारण ४५ अक्षांशाच्या हिशेबाने. मुंबई १९ अंशांवर आहे. तिथे समुद्रसपाटीला जी येतो ९.७८६ च्या आसपास. पुण्याला उंचीमुळे किंचित आणखी कमी. राज्यात कुठेही लंबक टांगा, खरं उत्तर ९.७८ आणि ९.७९ यांच्या मध्येच सापडेल. पाच टक्क्यांच्या सवलतीत त्यालाही पूर्ण गुण मिळतील, हे मान्य. पण मुलं सवलत वाचत नाहीत, छापील आकडा वाचतात. आणि मग उत्तर ओढून-ताणून तिथे आणतात. चुकीच्या उत्तराची नक्कल करून पाचपैकी पाच.

आता टेबलापाशी काय होतं ते पाहा. लंबकाची लांबी एक मीटर घेतली, वीस आंदोलनांचा वेळ तीनदा मोजला आणि रीडिंग आली ४०.१२, ४०.३५ आणि ३९.९६ सेकंद. सरासरी ४०.१४. त्यावरून आवर्तकाल, म्हणजे एका आंदोलनाचा वेळ, २.००७ सेकंद, आणि कॅल्क्युलेटर सांगतो जी बरोबर ९.८०१. विद्यार्थी खूश. पण स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटाची चूक सहज ०.२ सेकंदाची असते. चाळीस सेकंदांत ०.२ म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग आहे, म्हणून जी मध्ये ती होते एक टक्का. तेव्हा या तीन रीडिंगवरून प्रामाणिकपणे एवढंच म्हणता येतं की जी आहे ९.८, कमी-जास्त ०.१. दशांशचिन्हानंतरचा दुसरा आणि तिसरा अंक नुसता कॅल्क्युलेटरचा आहे, लंबकाचा नाही. तरी जर्नलमध्ये तीन दशांश स्थळं हवीतच, असा आमच्याकडचा अलिखित नियम.

नवखा विद्यार्थी चुकतो कुठे, याचीही यादी ठरलेली आहे. सगळ्यात मोठी चूक मोजण्याची: स्टॉपवॉच सुरू करताना तोंडाने 'एक' म्हणायचं आणि 'वीस'ला थांबवायचं. आंदोलनं झाली एकोणीस, भागाकार केला विसाने, आणि जी आला १०.८. स्टॉपवॉच सुरू करताना 'शून्य' म्हणायला शिकवलं की ही चूक संपते. दुसरी, लंबक टोकाला असताना मोजायला सुरुवात करणं. टोकाला गोळा रेंगाळतो, नेमका क्षण पकडता येत नाही. मध्यावर तो सगळ्यात वेगात असतो, म्हणून मागे खडूची रेघ मारून तिथे मोजायचं. तिसरी, जोरात झोका देणं. वीस अंशांच्या झोक्यात आवर्तकाल पाऊण टक्क्याने वाढतो, जी दीड टक्क्याने कमी येतो. पाच अंशांत हीच चूक जी मध्ये एक दशांश टक्क्यावर येते. चौथी, लाकडी मीटरपट्टीचं टोक. वर्षानुवर्षं आपटून ते झिजलेलं असतं, तेव्हा शून्यावरून न मोजता दहा सेंटीमीटरच्या खुणेवरून मोजायला हवं. दोऱ्याची लांबी गोळा लटकवूनच घ्यायची, टेबलावर पसरून नव्हे; सुती दोरा ताणतो.

मग १०.८ आलेला विद्यार्थी काय करतो? आपल्या आराखड्यात त्याला शून्य आहे. दोन तास संपत आलेत, पुढच्या आठवड्यात दुसरा प्रयोग आहे, पुन्हा रीडिंग घ्यायला जागा नाही. तो मागच्या वर्षीचं जर्नल उघडतो. किंवा हुशार असेल तर उलटं गणित करतो: जी ९.८ धरायचा, प्रत्येक लांबीला आवर्तकाल काढायचा, विसाने गुणायचं, आणि शेवटच्या अंकात थोडी माया करून तीन रांगा भरायच्या. याला मुलांच्या भाषेत 'रीडिंग मॅनेज करणं' म्हणतात. गंमत अशी की या उलट्या गणितात जेवढं भौतिकशास्त्र लागतं, तेवढं सुलट्या प्रयोगात कुणी त्याला विचारलेलंच नसतं.

मॅनेज केलेलं टेबल ओळखू येतं. त्यात तिन्ही वेळा ४०.१ असतं. व्हर्नियर कॅलिपरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०१ सेंटीमीटर आणि गोळ्याचा व्यास लिहिलेला १.९८३, तो तिसरा अंक त्या उपकरणात दिसूच शकत नाही. स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशकिरण किती वळला तो कोन मोजण्याचं उपकरण; त्याचा लीस्ट काउंट कोनाचं एक मिनिट (अंशाचा साठावा भाग), आणि रीडिंग साडेबारा मिनिटं. पाच वेगवेगळ्या जोड्यांच्या जर्नलमध्ये तीच रीडिंग, त्याच क्रमाने. आम्हाला हे दिसतं आणि तरी आम्ही सही करतो, कारण सही नाही केली तर तो विद्यार्थी परीक्षेलाच बसत नाही. या पेचात आम्हाला आपल्या नियमाने टाकलं आहे.

आलेखाचं प्रकरण याहून वाईट. आवर्तकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख सरळ रेषा येतो आणि 'मूळबिंदूतून जातो', असं प्रयोगाच्या माहितीपत्रकात छापलेलं. समजा विद्यार्थ्याने लांबी हुकपर्यंतच मोजली, दोन सेंटीमीटर व्यासाच्या गोळ्याची त्रिज्या मिळवायची राहिली. एकेका लांबीवरून जी काढला तर तो एक टक्का चुकतो. पण आलेखाची रेषा प्रामाणिकपणे काढली तर तिचा उतार बरोबर येतो, आणि ती लांबीच्या अक्षाला उणे एक सेंटीमीटरवर छेदते. तेच तर विसरलेलं एक सेंटीमीटर! आलेख स्वतःच चूक दाखवून तिचं मापही सांगतो. पहिल्या वर्षात मोजमापाचा याहून देखणा धडा आम्हाला माहीत नाही. पण पत्रकात मूळबिंदू छापलाय, म्हणून विद्यार्थी पट्टी वाकडी करून रेषा शून्यातून नेतो, उतार बिघडवतो आणि धडा पुसून टाकतो.

दुसरी तक्रार वेळेची. लंबक दोन तासांत बसतो, स्पेक्ट्रोमीटर बसत नाही. हजेरी घेऊन, उपकरणं नोंदवहीत सही करून ताब्यात द्यायला दहा मिनिटं. तेवढ्यात सोडियम दिवा तापून पिवळा होतो. मग दुर्बीण लांबच्या वस्तूवर फोकस करणं, कॉलिमेटर समांतर किरणांसाठी लावणं, प्रिझमचा मंच तीन स्क्रूंनी समपातळीत आणणं: सरावाच्या माणसाला दहा मिनिटं, पहिल्यांदा करणाऱ्या जोडीला चाळीस. प्रिझमचा कोन दोन्ही व्हर्नियरवर. मग प्रिझम हळूहळू फिरवत ती जागा शोधायची जिथे फटीची प्रतिमा थबकते आणि मागे वळते. ती दिसली की चेहऱ्यावर जे उमटतं त्यासाठी हा प्रयोग ठेवावा. पण ती शोधायला पंधरा मिनिटं द्यावी लागतात. एव्हाना दीड तास गेलेला असतो.

हिशेबाला अर्धा तास उरतो, आणि इथे दोन चुका हमखास होतात. दुर्बीण फिरताना व्हर्नियर ३६० अंश ओलांडतो. सरळ किरणाचं रीडिंग ३५५ अंश १० मिनिटं, वळलेल्या किरणाचं ४३ अंश २२ मिनिटं. विद्यार्थी वजाबाकी करतो: ३११ अंश ४८ मिनिटं. खरा फरक आहे ४८ अंश १२ मिनिटं. तो सापडला तर पुढची चूक: ४८ अंश १२ मिनिटं कॅल्क्युलेटरमध्ये ४८.१२ म्हणून घालणं. बारा मिनिटं म्हणजे अंशाचा पाचवा भाग, तेव्हा आकडा हवा ४८.२०. यंत्र नीट, रीडिंग नीट आणि तरीही उत्तर गडबडलेलं. ही चूक शोधायला वीस मिनिटं शांत बसावं लागतं. आराखड्यात ती वीस मिनिटं नाहीत. बॅच बदलायची वेळ झालेली असते आणि बाहेर पुढची वीस मुलं उभी असतात.

कुठलं मोजमाप किती काळजीने घ्यायचं, हा विचार तर बारा प्रयोगांच्या धावपळीत होतच नाही. पट्टी वाकवून यंग गुणांक, म्हणजे पदार्थाची ताठरता सांगणारा आकडा, काढण्याचा प्रयोग यादीत आहे. सूत्रात पट्टीच्या जाडीचा घन आहे. पाच मिलिमीटरची जाडी व्हर्नियरने मोजली तर एका भागाची, म्हणजे ०.१ मिलिमीटरची, चूक दोन टक्के आणि उत्तरात सहा टक्के. तीच ०.०१ मिलिमीटर वाचणाऱ्या स्क्रू गेजने मोजली तर उत्तरात जेमतेम अर्धा टक्का. पण स्क्रू गेजची ०.०५ मिलिमीटरची झीरो एरर (जबडे मिटलेले असतानाही शून्याऐवजी दिसणारं माप) वजा करायची राहिली तर पुन्हा तीन टक्के गेले. म्हणजे पंचवीस-तीस मिनिटं वजनं चढव-उतरव करून मायक्रोस्कोपमध्ये डोळे शिणवण्यापेक्षा जाडी दहा ठिकाणी मोजण्यात शहाणपण आहे. हे कळणं म्हणजे प्रयोग कळणं. त्याला गुण किती? आराखड्यात शोधलं, सापडलं नाही.

आभासी प्रयोगशाळेबद्दल आमचं भांडण मोजकं आहे. केंद्र सरकारचा आभासी प्रयोगशाळांचा उपक्रम चांगला आहे, कोलोरॅडो विद्यापीठाची सिम्युलेशनं आम्हीही वर्गात दाखवतो. तयारीसाठी ती उत्तम: स्पेक्ट्रोमीटरला हात लावण्याआधी घरी पडद्यावर फिरवून पाहिला तर चाळीस मिनिटांची पंचवीस होतात. पण पडद्यावरच्या स्क्रू गेजला झीरो एरर असते ती प्रोग्रामरने घातलेली. पडद्यावरचा रेझिस्टर लिहिलाय तेवढाच असतो. टेबलावरच्या सोनेरी पट्ट्याच्या रेझिस्टरला पाच टक्के कमी-जास्त मुभा असते, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला तर वीस टक्केही. रेझिस्टर, कॉइल आणि कपॅसिटर जोडून करायच्या अनुनादाच्या (रेझोनन्सच्या) प्रयोगात आलेखाचं शिखर सूत्रापेक्षा बुटकं आणि पसरट येतं, कारण कॉइलला स्वतःचा रोध असतो. मग विद्यार्थी मल्टिमीटर घेऊन तो रोध मोजतो आणि सूत्र जुळतं. पडद्यावर ते पहिल्यापासून जुळलेलंच असतं, मग मोजायचं काय?

आपण हे चार प्रयोग आभासी का केले, त्याचंही कारण आम्हाला कळतं: उपकरणं नाहीत, असली तर बंद आहेत. न्यूटनच्या कड्यांचा प्रयोग घ्या, ज्यात काचेवर ठेवलेल्या भिंगाखाली प्रकाशाची उजळ-काळी वर्तुळं दिसतात. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. भिंग आणि काचेच्या मध्ये धूळ असली की मधला ठिपका काळा यायच्या ऐवजी उजळ येतो आणि मुलं गोंधळतात. भिंगं हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची, वापरण्याआधी स्पिरिटने आणि मऊ कापडाने पुसायची, ही कामं प्रयोगशाळा सहाय्यकाची. तो निवृत्त झाला, जागा भरली गेली नाही. रोधपेटीचे संपर्क गंजलेत, ब्रेडबोर्डची भोकं सैल झालीत, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला मिळतात ते शिकवलेल्या तासाचे पैसे, दुरुस्तीचे नाहीत. ही तक्रार आपल्या अखत्यारीत पूर्ण बसत नाही, हे ठाऊक आहे. पण सहाय्यकाचं काम संगणकाने होईल असं आराखड्याने गृहीत धरलंय, एवढं तरी आपल्या अखत्यारीतलं आहे.

आपल्या बाजूने काय म्हटलं जाईल, याचा अंदाज आहे.

'ही मुलं बारावीत हे सगळं करून आलेली असतात.' कागदावर, हो. राज्य मंडळाचे तीस गुण प्रात्यक्षिकाला आहेत. पण सीईटीत प्रात्यक्षिक नाही, आणि इंटिग्रेटेड क्लासमधून, म्हणजे कॉलेज आणि प्रवेश परीक्षेची तयारी एकत्र करणाऱ्या क्लासमधून, आलेला विद्यार्थी दोन वर्षांत प्रयोगशाळेत कितीदा गेला, हे त्यालाच विचारा. जेईई मेनच्या अभ्यासक्रमात प्रायोगिक कौशल्यांचं स्वतंत्र प्रकरण आहे, त्यात व्हर्नियर आणि स्क्रू गेज दोन्ही आहेत. त्यामुळे व्हर्नियरची आकृती पाहून रीडिंग अचूक सांगणारी मुलं आमच्याकडे येतात. हातात व्हर्नियर दिला की गोळा जबड्यात कुठे धरायचा हे त्यांना सुचत नाही. दोष त्यांचा नाही.

'मोजमापातल्या चुकांचं विश्लेषण पहिल्या वर्षाला झेपत नाही, त्यांना कॅल्क्युलस येत नाही.' बारावीला गणित सोडून आलेलेही वर्गात असतात, हे खरं. पण कॅल्क्युलस लागतंच कुठे? वरचीच तीन रीडिंग घ्या. लांबी ९९.९ ते १००.१ सेंटीमीटर, वीस आंदोलनांचा वेळ ३९.९६ ते ४०.३५ सेकंद. मोठी लांबी आणि लहान वेळ घालून जी काढा: ९.९०. लहान लांबी आणि मोठा वेळ घाला: ९.६९. म्हणजे उत्तर ९.८, कमी-जास्त ०.१. साध्या कॅल्क्युलेटरवर दोनदा तेच गणित. दहावीचा विद्यार्थीही करेल.

'प्रयोग कमी केले तर दर्जा घसरला असं म्हणतील.' म्हणू द्या. २०१५ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने मुंबईत आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाड भरवलं. त्या स्पर्धेत पन्नासपैकी वीस गुण प्रयोगाला असतात, आणि ते मिळवायला विद्यार्थ्यांना सलग पाच तास दिले जातात. दर्जा मोजायचाच तर प्रयोगांची संख्या मोजून मोजू नये.

एक गोष्ट मात्र आम्ही म्हणणार नाही. प्रात्यक्षिकं चांगली झाली की थिअरीचे गुण वाढतात, असा दावा नेहमी केला जातो. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलांवर तपासणी झाली, तेव्हा थिअरी पक्की करण्यासाठी घेतलेल्या प्रात्यक्षिकांचा परीक्षेच्या गुणांवर दखल घेण्याजोगा परिणाम दिसला नाही. आम्हाला त्याचं आश्चर्य वाटत नाही. प्रयोगशाळेत मोजमाप शिकवायचं असतं; सूत्र खरं आहे हे पडताळायला कुणाला लंबकाची गरज नाही.

आता मागण्या.

बाराऐवजी सहा प्रयोग ठेवा, प्रत्येकाला दोन बैठका. पहिल्या बैठकीत प्रयोग करायचा आणि आपल्या उत्तराची खात्री किती ते ठरवायचं. दुसऱ्या बैठकीत तोच प्रयोग सुधारून करायचा. उरलेल्या तीन बैठकांतल्या दोन सत्राच्या सुरुवातीला नुसत्या व्हर्नियर, स्क्रू गेज, मल्टिमीटर आणि आलेखासाठी, आणि एक राहिलेल्यांसाठी. दुसऱ्या बैठकीत काय होऊ शकतं, याचा नमुना लंबकाचाच देतो. प्रश्न असा विचारायचा: आपल्या कॉलेजात जी ९.८१ आहे का? ९.८१ आणि ९.७८६ यांच्यातला फरक पाव टक्क्याचा. तो पकडायला जी एक दशांश टक्क्यापर्यंत हवा, म्हणजे वेळ त्याच्या निम्म्या चुकीत. ०.२ सेकंदाची बोटाची चूक तेवढ्यात बसवायची तर सुमारे चारशे सेकंद मोजायला हवं: एक मीटरच्या लंबकाची दोनशे आंदोलनं, सहा मिनिटं चाळीस सेकंद. गोळा जड पितळेचा, दोरा न ताणणारा, दोन अर्ध्या बुचांत घट्ट आवळलेला, झोका तीन अंशांच्या आत, लांबी पोलादी पट्टीने अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. एकाने मोठ्याने मोजायचं, दुसऱ्याने दर दहाला कागदावर रेघ ओढायची. यात एक रुपयाचं नवं उपकरण नाही. वाटल्यास मोबाइलच्या स्लो मोशन कॅमेऱ्याने मध्यरेषा ओलांडल्याचा क्षण पकडा. प्रयोगशाळेच्या दारावरची 'मोबाइल बंद ठेवा' ही पाटी तेवढ्यापुरती काढावी लागेल.

'उत्तराच्या अचूकतेचे' पाच गुण रद्द करा. त्या जागी: मूळ रीडिंगच्या पानाला दोन, उत्तराच्या कमी-जास्त मर्यादेला दोन, आणि सगळ्यात मोठी चूक कुठून येते व ती कशी कमी करता येईल, याच्या चार ओळींना एक. जी १०.८ आला आणि विद्यार्थ्याने लिहिलं की एवढी चूक बोटाने होत नाही, मोजण्यात एक आंदोलन सुटलं असावं, तर त्याला पूर्ण गुण मिळावेत.

मूळ रीडिंगचं पान जर्नलचा भाग करा. पेनाने लिहिलेलं, तारीख आणि उपकरणाचा क्रमांक टाकलेलं, खाडाखोड एका रेघेने केलेली. खोडरबर आणि व्हाइटनर चालणार नाही. आम्ही सही करू ती या पानावर, त्याच दिवशी, टेबलापाशी. सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवलेल्या फेअर जर्नलचा आग्रह सोडा. खाडाखोडीचे गुण कापू नयेत, असं बहिःस्थ परीक्षकांना लेखी कळवा. नाहीतर विद्यार्थी पुन्हा फेअरकडे वळतील.

परिशिष्टातून 'प्रमाणित किंमत' हा रकाना आणि माहितीपत्रकांतून 'आलेख मूळबिंदूतून जातो' हे वाक्य काढा. जी ची किंमत द्यायचीच असेल तर स्थानिक द्या.

आभासी प्रयोग तयारीसाठी ठेवा, प्रत्यक्ष प्रयोगाच्या बदल्यात नको. प्रयोगशाळेत होऊच शकत नाही अशा एखाद्या विषयासाठी अपवाद असेल तर तो नावानिशी लिहा.

आणि महाविद्यालयाच्या संलग्नतेची तपासणी करायला जी समिती येते, तिच्या तक्त्यात 'उपकरणांची संख्या' या रकान्याशेजारी 'चालू स्थितीतील संख्या' असा एक रकाना घालण्याची शिफारस विद्यापीठाकडे करा. सहाय्यकाच्या रिकाम्या जागेची नोंदही त्याच तक्त्यात यावी. हे काम आपलं एकट्याचं नाही, पण शिफारस आपल्याकडूनच जाऊ शकते.

सहा प्रयोगांची यादी, प्रत्येकाची दोन बैठकांची आखणी आणि गुणांचा तक्ता आम्ही तयार केला आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडायला आमच्यातले दोघं-तिघं येतील. अर्धा तास पुरेल. येताना दोरा, बूच, पितळी गोळा आणि स्टॉपवॉच घेऊन येऊ. सभागृहात पंख्याचा वारा लागणार नाही असा एक कोपरा आणि छताजवळ एक हुक मिळाला, तर बैठकीचं इतिवृत्त लिहून होईपर्यंत त्या इमारतीतला जी मोजून देता येईल. सत्र सुरू होण्याआधी लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

कळावे,

पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेणारे शिक्षक